तिसऱ्या सिलिंडरचा रॉड

चाळीसगावकडून औट्रम घाट चढताना पुढे एक टेम्पो रांगत होता. जागा मिळाली तशी मी चौथ्या गिअरमध्येच पाय खाली दाबला. इंजिन मिनिटाला २८०० फेऱ्यांवर, बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा, काटा दीड बारच्या पुढे. गिअर खाली घ्यायला अर्धा सेकंद लागला असता, तेवढा आळस नडला. मोठा आवाज नाही, धूर नाही. गाडी टेम्पोच्या पुढे गेली, वर पोचून चहाही झाला. परत निघताना गाडी जागेवर चालू ठेवली तर स्टेअरिंगला बारीक थरथर, आणि बॉनेट उघडून कान दिला तर आतून मंद टकटक.

गाडी म्हणजे जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, कंपनीतून १५० पीएस. मी तिसरा मालक. टर्बो आधीच एक नंबर मोठा बसवला होता, पुण्याहून ट्यून करून आणली होती. २२० च्या आसपास घोडे होते आणि मला ते कमी वाटत होते. ज्याचं जळगावात ट्रॅक्टरच्या इंजिन पार्टचं दुकान आहे, दिवसभर ज्याच्या हातात लायनर, पिस्टन, गजन पिन आणि बेअरिंगचे शेल असतात, त्याला स्वतःच्या गाडीच्या पोटात काय आहे हे आधी बघावंसं वाटलं नाही. असो.

दुकानामागच्या शेडमध्ये कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे कोणता सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजलं. १७५, १७२, १५०, १७४ पीएसआय. तिसरा सिलिंडर खाली. आमच्या ट्रॅक्टरच्या दुनियेत याचा अर्थ सरळ असतो, रिंगा गेल्या नाहीतर व्हॉल्व्ह बसत नाही. म्हणून प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून परत घेतलं. रिंगा गेल्या असत्या तर आकडा चढला असता. चढला नाही. हवा भरून गळती तपासली, व्हॉल्व्हही ठीक. मग हेड उतरवलं, चारही पिस्टन आळीपाळीने वरच्या टोकाला आणून डेप्थ गेज लावला. तीन पिस्टन एका पातळीत, तिसरा १.२ मिलिमीटर खाली. पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशी, जोडणारा रॉड वाकून तेवढा आखूड झाला होता. हातात घेतल्यावर डोळ्याला काही दिसत नव्हतं. सरळ पट्टी लावली तेव्हा उजेड दिसला.

माझे मामा भुसावळला रेल्वेत होते, लोको शेडमध्ये. इंजिनाच्या धुऱ्यांची अल्ट्रासोनिक तपासणी करण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. रविवारी ते आले, रॉड उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "हा वाकला भो, की तू वाकवला?"

मी म्हटलं, "मामा, २२० घोड्यांत रॉड वाकायला नको होता. लोक ३०० काढतात याच रॉडवर."

"घोडे कशाला मोजतो? जोर कुठे आला ते सांग."

तिथून माझा अभ्यास सुरू झाला. पार्ट घेण्याआधी दोन महिने मी फक्त आकडेमोड करत होतो, आणि आज मागे वळून बघताना वाटतं, तेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम होतं.

रॉडवर दोन वेगवेगळे जोर येतात. एक दाबणारा आणि एक ओढणारा. पेट्रोल पेटलं की पिस्टनच्या डोक्यावर दाब येतो, तो रॉडला दाबतो. ८१ मिलिमीटरच्या बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या भोकाला, पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५२ चौरस सेंटिमीटर. आत १०० बार दाब झाला तर त्या एका रॉडवर पाच टनांपेक्षा जास्त वजन आलं. ५३ क्विंटल कापूस एका बोटाएवढ्या जाड लोखंडावर, तोही एका फेरीआड एकदा. हा दाब टॉर्कबरोबर, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराबरोबर वाढतो, घोड्यांबरोबर नाही. घोडे म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. ६८०० फेऱ्यांवर ४०० घोडे काढायला ४२० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो. तोच ४२० टॉर्क ३००० फेऱ्यांवर काढला तर घोडे होतात जेमतेम १७६. रॉडला मात्र दोन्हीकडे सारखाच मार; उलट कमी फेऱ्यांवर जास्तच, कारण पिस्टन हळू हलतो, दाब जास्त वेळ टिकतो आणि इंजिन खडखडायची, म्हणजे आतलं पेट्रोल आपोआप भडकायची, शक्यताही तिथेच जास्त. मी घाटात नेमकं हेच केलं होतं.

ओढणारा जोर फेऱ्यांचा. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत फिरतो, तेव्हा त्याला खाली खेचणारा रॉडच असतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर वरून दाबायला गॅसही नसतो, सगळा ताण रॉडवर आणि बिगएंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाच्या, दोन बोल्टवर. ७५०० फेऱ्यांना माझ्या इंजिनात पिस्टनवर गुरुत्वाच्या साडेतीन हजार पट त्वरण येतं. अर्धा किलोचा ऐवज त्या क्षणी पावणेदोन टनाचा होतो. हा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून ६५०० वरून ७५०० ला गेलो की फेऱ्या १५ टक्के वाढतात आणि ताण ३३ टक्के.

मामांनी हे ऐकून मान डोलावली. धुऱ्याचंही तसंच असतं म्हणे. एका दणक्याने क्वचित मोडतो, रोजच्या उलटसुलट ताणाने बारीक चीर पडते आणि एक दिवस कारण नसताना जातो.

मग ठरवलं की टॉर्क उशिरा येऊ द्यायचा. गॅरेट कंपनीचा जीटी २८ मालिकेतला टर्बो, जो ३८०० च्या पुढेच नीट जागा होतो. खाली गाडी थोडी मंद वाटेल, वाटू दे. लक्ष्य ४०० घोडे, ७४०० फेऱ्यांना कट. एवढं कागदावर आल्यावरच पार्टच्या याद्या उघडल्या.

सगळ्यात आधी पिस्टन, कारण रॉडपेक्षा त्याचाच निर्णय जड गेला.

बाजारात दोन मिश्रधातूंचे फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, पिस्टन मिळतात. ४०३२ आणि २६१८. दोन्ही ॲल्युमिनियम, फरक सिलिकॉनचा. ४०३२ मध्ये साधारण १२ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे तो तापल्यावर कमी फुगतो, बोअरमध्ये घट्ट बसवता येतो, सकाळी आवाज करत नाही, झिजतोही कमी. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतंच. तो जास्त फुगतो, म्हणून जास्त मोकळा ठेवावा लागतो, थंड इंजिनात लुडबुडतो. पण चिवट असतो. मार बसला की तडकत नाही, दबतो. बहुतेक गाड्यांचे कंपनी पिस्टन ओतीव असतात, ते कडक आणि हलके, पण खडखडाट सुरू झाला की दोन रिंगांमधली भिंत टचकन तुटते. लोहार वखराची पास शेवटताना ठोकून ठोकून धातू दाबून आणतो, तशी फोर्जिंगमध्ये धातूची वीण पिस्टनच्या आकाराप्रमाणे वळते. साच्यात ओतलेल्याला ती वीण नसते.

रोज वापरायची गाडी असती तर मी ४०३२ घेतला असता. पुण्यातल्या ट्यूनिंगवाल्या मित्राचंही तेच म्हणणं होतं. माझं डोकं मात्र आमच्या उन्हाळ्यात अडकलं होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो ही बातमी नाही, सवय आहे. टर्बोने हवा दाबली की ती तापते. बाहेर २५ अंश असताना दीड बार बूस्टला, ७० टक्के कार्यक्षमतेच्या टर्बोतून, हवा १५० च्या आसपास बाहेर पडते. बाहेर ४५ असले तर १८०. इंटरकूलर ती थंड करणार ती पुन्हा त्याच ४५ अंशांच्या हवेने. म्हणजे लोणावळ्याच्या पावसात चालवलेल्या गाडीचा अनुभव आमच्या एरंडोल रस्त्याला लागू पडत नाही. शिवाय ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा आठ टक्के विरळ, म्हणून तेवढेच घोडे काढायला बूस्ट आणखी वाढवावा लागतो आणि हवा आणखी तापते. एकदा खडखडाट होणारच, असं धरून पिस्टन निवडायचा होता. २६१८ घेतला.

कॉम्प्रेशन रेशोवर, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पट दाबतो यावर, मित्राशी आठवडाभर वाद झाला. कंपनीचा साडेनऊच्या आसपास. तो म्हणे सव्वानऊ ठेव, खाली गाडी मेलेली वाटणार नाही. इंधन चांगलं मिळत असेल तर त्याचं खरं आहे. पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. मला पारोळ्याच्या पुढे रात्री अकराला जो पंप उघडा असेल तिथलं भरायचं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून गणित थोडं बदललं, हे मान्य. इथेनॉल बाष्प होताना आतली हवा थंड करतं, खडखडाट लांबवतं. पण त्याला इंधन जास्त लागतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, या मिश्रणाला साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. त्या हिशोबाने इंजेक्टर आणि पंप मोठे घ्यावे लागले, आणि जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. शेवटी मी ८.५ वर थांबलो. खाली गाडी मेलेली वाटते का? हो, वाटते. मित्र बरोबर होता. तरी परत निवडायचं झालं तर मी ८.५ च घेईन.

आता रॉड. जाळ्यावर बसलं की रॉडचा काप एच-बीम का आय-बीम यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझ्या ४०० घोड्यांच्या हिशोबाला दोन्ही पुरेसे. आकारापेक्षा तीन गोष्टी बघायच्या: धातू कोणता, बिगएंडचं भोक किती गोल आणि बोल्ट कोणते. चांगले रॉड ४३४० नावाच्या स्टीलचे असतात. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेलं हे स्टील आपल्याकडच्या ईएन२४ च्या अगदी जवळचं. एमआयडीसीतल्या लेथवाल्याला ४३४० सांगितलं तर तो बघत राहतो, ईएन२४ म्हटलं की म्हणतो, "हां, शाफ्टचं मटेरियल. बोला की मग."

पहिल्यांदा मोह झाला स्वस्तातल्या सेटचा. एका विक्रेत्याने फोटोत चकचकीत रॉड दाखवले, किंमत निम्मी. मागवले. बिगएंडच्या सुट्या टोप्या बोल्टने टॉर्कवर आवळून बोअर गेज लावला तर चारपैकी दोन रॉडचं बिगएंड ०.०२ मिलिमीटर लंबगोल. ज्या बेअरिंगमध्ये ऑईलसाठी जागाच ०.०५ ठेवायची, तिथे ०.०२ ची चूक म्हणजे जवळजवळ निम्मी जागा गेली. बोल्टवर शिक्का होता, पण अक्षरं अशी की दिवाळीच्या फटाक्यांवर बरी दिसली असती. परत पाठवले. पैसे परत यायला तीन महिने आणि बरीच शिवीगाळ लागली.

बोल्टबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आमच्या धंद्यातही लोक हेच विसरतात. रॉडचा बोल्ट म्हणजे आवळायची वस्तू नव्हे, ती ताणलेली स्प्रिंग आहे. तो बसवताना किंचित लांबतो आणि त्या ताणाने टोपी धरून ठेवतो. इंजिनाचा ओढा या ताणापेक्षा कमी राहिला तर बोल्टला तो फारसा जाणवतच नाही. जास्त झाला की टोपी क्षणभर उघडते, बेअरिंग फिरतं, आणि मग रॉड ब्लॉकमधून बाहेर येऊन राम राम करतो. साधे रेसिंग बोल्ट ८७४० स्टीलचे असतात. मी एआरपी कंपनीचे २००० घेतले. त्याहून वरचेही मिळतात, पण काही प्रकारांना हाताचा घाम लागला तरी गंज धरून चीर पडते म्हणतात. आमच्या शेडमध्ये पाना धरणारा पोरगा दुसऱ्या हाताने समोसा खातो. २००० बरे.

आणि टॉर्क पान्याचा आकडा म्हणजे फक्त घर्षणाचा अंदाज. आट्यांना ऑईल लावलं की एक, बोल्टसोबतचं ग्रीस लावलं की दुसरं. खरं माप बोल्ट किती लांबला हे. त्यासाठी दोन्ही टोकांना टेकणारा डायल असतो, स्ट्रेच गेज. माझा बोल्ट साधारण सहा थाऊ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, लांबायला हवा होता. टॉर्क पान्याने सांगितलेल्या आकड्यावर आठपैकी तीन बोल्ट पाच थाऊलाच थांबले होते. आवळ-सोड तीनदा केल्यावर सगळे एका ओळीत आले.

चूक माझ्याकडून झाली ती गजन पिनमध्ये, म्हणजे पिस्टन रॉडला अडकवणाऱ्या पिनमध्ये. या १.८ टर्बो इंजिनांत जुन्यांना २० मिलिमीटरची पिन आहे, नंतरच्यांना १९ ची. रॉडची लांबी दोन्हींना १४४. माझ्या इंजिनातली जुनी पिन मी मायक्रोमीटरने मोजली, १९ आली, म्हणून रॉड १९ चे मागवले. आणि पिस्टन? पिस्टन मागवताना यादीत 'याच इंजिनासाठी' लिहिलेलं वाचून खूश झालो, पिनचा आकडा वाचलाच नाही. जाड पिन जास्त ताण सोसते म्हणून असे पिस्टन बहुतेक २० च्या पिनचेच बनवतात. दोन्ही पेट्या एकाच आठवड्यात आल्या. पिस्टन एका हातात, रॉड दुसऱ्या हातात, आणि पिन रॉडमध्ये जाईना. दुकानात रोज दहा शेतकऱ्यांना मी सांगतो, "दादा, जुना नमुना आणा, नंबर बघा, मग पार्ट न्या."

लेथवाला म्हणाला, जुनं बुश काढू, फॉस्फर ब्राँझचं नवं पातळ बुश ठोकून २० ला रीम करू, दीड तासाचं काम. ट्रॅक्टरला मी हे शंभरदा करून दिलं आहे आणि उद्याही देईन. इथे मन धजेना. बुशची भिंत निम्म्यावर आली असती आणि त्यावर ५३ क्विंटल. मामांना विचारलं. ते म्हणाले, "झोप लागेल का तुला?" रॉड परत पाठवले. बदलून यायला सात आठवडे आणि वरून कस्टमचा फटका पुन्हा. रॉड-पिस्टन मिळून दीड लाखाच्या वर गेले. घरी अजून ऐंशी हजारच माहीत आहेत.

त्या सात आठवड्यांत ब्लॉकचं काम करून घेतलं. क्रँक या इंजिनाला फॅक्टरीतूनच फोर्ज्ड येते, ती बदलायची गरज नव्हती. पण चीर नाही ना हे बघायचं होतं. मामा उठून कामाला लागले. आधी क्रँक घासून धुतली, मग लाल डाय फवारला, वीस मिनिटं थांबले, पुसून काढला, वरून पांढरा डेव्हलपर मारला. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन परत वर येतो. जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कडांच्या गोलाईत ते भिंगातून अर्धा तास बघत होते. मामी दोनदा जेवायला बोलावून गेल्या. भरीत आणि कळण्याची भाकरी निवत होती. रेघ आली नाही.

बोअर ८१ चा ८१.५ करायचा होता. त्याने १७८१ चं इंजिन १८०३ सीसी होतं, तो फायदा किरकोळ. खरं कारण जुन्या बोअरची झीज. बोअरिंग करणारे नाना अंमळनेरकडचे, पस्तीस वर्षं हेच काम. त्यांना मी सांगितलं की हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट बोल्टने आवळायची आणि ती आवळलेली असतानाच होनिंग, म्हणजे बोअरची शेवटची बारीक घासाई, करायचं. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक किंचित ओढला जातो आणि बोअर लंबगोल होतो. प्लेट लावून होन केलं की हेड बसल्यावर तो गोल राहतो. नाना म्हणाले, "आजवर कोनी प्लेट आनी नही." मी म्हटलं, मी आणतो. एमआयडीसीतून ४० मिलिमीटर जाड प्लेट कापून, चार भोकं बोअरची आणि दहा बोल्टची पाडून नेली. प्लेट आवळायच्या आधी आणि नंतर नानांनी स्वतः बोअर गेज फिरवला. दोन सिलिंडरांत ०.०२ चा फरक आला. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत मोजलं. काही बोलले नाहीत. पण नंतर तीच प्लेट त्यांनी ठेवून घेतली, "राहू दे आठे."

खरी खडाजंगी झाली ती मोकळ्या जागेवरून. २६१८ पिस्टनच्या कागदावर बोअर आणि पिस्टनमध्ये ०.०९ मिलिमीटर जागा द्या असं होतं. नानांच्या आयुष्यात पेट्रोल गाडीला चार-पाच शतांश म्हणजे उत्तम काम. नऊ म्हणजे त्यांच्या लेखी झिजलेलं इंजिन. मी हट्ट धरला. त्यांनी हात झटकले, "तुनी गाडी, तुना पैसा. मनं काय जास?" पण काम असं केलं की चारही बोअर वरपासून खालपर्यंत अर्ध्या शतांशात.

रॉड आले तेव्हा वजनाचा प्रश्न आला. चार रॉड, चार पिस्टन एकमेकांशी ग्रॅममध्ये जुळायला हवेत, आणि रॉडची मोठी व लहान टोकंही वेगवेगळी तोलायला हवीत, कारण मोठं टोक गोल फिरतं आणि लहान टोक वर-खाली जातं. बारीक काटा कुठून आणायचा? जळगावात हा प्रश्न पडायलाच नको होता. सराफ बाजारात शाळासोबती बसतो. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याच्या काट्यावर एक टोक आणि दुसरं टोक दोरीने टांगून आठ वजनं घेतली. शेजारच्या पेढीवरचे काका बघायला आले, म्हणाले, "घडणावळ काय लावली?" रॉड आपापसांत एक ग्रॅमच्या आत होते. एका पिस्टनच्या आतून दीड ग्रॅम मी कानशीने काढलं आणि कागदात धरून सोबत्यापुढे ठेवलं. मोडीचा भाव देत नाही म्हणाला.

बाकीचं भराभर सांगतो. हेडला एआरपीचे स्टड, कंपनीचे बोल्ट नव्हेत, कारण ते एकदा ताणले की संपले. पोलादी थरांचं हेड गॅस्केट. बेअरिंग नवे, जागा प्लास्टिगेजची बारीक दोरी दाबून तपासली, ०.०५ ते ०.०५५. पिस्टनखाली ऑईलची पिचकारी मारणाऱ्या नळ्या आहेत, नव्या पिस्टनचा घागरा, म्हणजे खालचा घेर, त्यांना घासत नाही ना हे क्रँक हाताने फिरवून बघावं लागतं. एक नळी घासत होती, ती बसवणी सुधारून सोडवली. क्लच आणि गिअरबॉक्स 'नंतर बघू' या सदरात टाकले.

रिंगांवर मात्र एक अख्खा दिवस गेला. रिंगच्या दोन टोकांत फट ठेवतात. रिंग तापून लांबते. फट कमी पडली तर टोकं एकमेकांवर आदळतात, रिंग बोअरमध्ये रुतते आणि पिस्टनची कड उपटून काढते. ट्रॅक्टरला रिंगा थेट डब्यातून बसतात, फट कोणी मोजत नाही. टर्बो पेट्रोलला बोअरच्या दर मिलिमीटरमागे साडेपाच मायक्रॉन धरतात, म्हणजे ८१.५ ला वरच्या रिंगची फट ०.४५, दुसरीची थोडी जास्त, ०.५०. छोट्या हातयंत्रावर एकेक रिंग घासायची, बोअरमध्ये सरळ बसवायची, फिलर गेज घालायचा, परत काढायची. आठ रिंगा. सातव्या रिंगला घाई झाली आणि फट ०.५५ गेली. वरच्या खोबणीसाठी होती, सुटी मिळत नाही. कमी फटीने इंजिन मरतं, जास्त फटीने थोडं ऑईल खातं. म्हणून ती तशीच बसवली. चौथ्या सिलिंडरात आहे. आजही गाडी धूर सोडते का हे मी आरशात त्याच कारणाने बघतो.

जानेवारीत, पहाटे पारा दहाच्या खाली असताना पहिल्यांदा इंजिन चालू केलं. आधी प्लग काढून स्टार्टरने ऑईलचा दाब चढवून घेतला होता. पहिल्याच झटक्याला उठलं, आणि सोबत असा ठकठकाट की शेजारचे आबा दार उघडून बाहेर आले. "कोणाचा ट्रॅक्टर आणला रे?" माझ्याही पोटात गोळा आला. नऊ शतांशची जागा, थंड पिस्टन, हे सगळं वाचलेलं होतं; कानाला पटत नव्हतं. ऑईल ७० अंशांच्या पुढे गेलं तसा आवाज विरत गेला. नानांना फोन लावून ऐकवलं. "नऊ शतांश सांगे ना तू," एवढंच म्हणाले.

पहिले ३० किलोमीटर झाल्यावर ऑईल काढलं, फिल्टर कापून पाकळ्या उलगडल्या. बारीक चमक होती. मामांनी चुंबक फिरवलं, थोडी चिकटली, बरीच नाही. चिकटली ती रिंगा आणि बोअर बसताना निघालेली, न चिकटणारी ॲल्युमिनियमची. बेअरिंगची तांबूस कपची एकही नाही. ८०० किलोमीटरला परत कापला, जवळजवळ स्वच्छ. मग पुण्याला ट्रेलरवर नेऊन ट्यून केली. ३५०० च्या खाली बूस्ट मुद्दाम दाबून ठेवला आहे आणि हवा ६० अंशांच्या वर गेली की ठिणगीचं टायमिंग आपोआप मागे येतं. आरसी बुकावर यातलं काही चढत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, म्हणून ती ड्रॅगच्या शर्यतीला ट्रेलरवरच जाते आणि येते.

वाकलेला रॉड दुकानाच्या गल्ल्यावर आहे, बिलं उडू नयेत म्हणून. परवा एकाने विचारलं, हा कोणत्या ट्रॅक्टरचा, मिळेल का?

मागच्या आठवड्यात तिसऱ्या गिअरला ५००० वर फेऱ्या अचानक चढल्या आणि वेग तिथेच राहिला. क्लच सरकतोय. मामांना अजून सांगितलेलं नाही.